शर्टाच्या बाहीतला हात

मागच्या वर्षी एका लग्नात नितीन भेटला. डोक्यावरचे केस गेलेत, पोट सुटलंय, पण आवाज अजून तसाच, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा. मला बघितल्याबरोबर त्यानं आपल्या जावयाला हाताला धरून पुढे ओढलं आणि म्हणाला, "या आमच्या त्या वेळच्या असिस्टंट बरं का! माझ्या कार्टूनच्या कार्यक्रमात यांची फार मदत झाली." जावईबापूंनी वाकून नमस्कार केला. माझ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास होता. तो मी नितीनच्या सफारीवर ओतला नाही, एवढाच माझा त्या दिवसाचा मोठेपणा. घरी आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आत मी आमच्या ह्यांना म्हटलं, आता हे सगळं लिहून काढते. ते म्हणाले, किती वर्षं झाली त्याला, सोडून दे की. मला या 'सोडून दे'चा फार राग येतो. ज्यांचं काही गेलेलं नसतं तेच हा सल्ला एवढ्या सढळ हातानं देत असतात. मी टेबलाच्या खणात पेन शोधायला लागले.

आमचं घर तेव्हा मखमलाबादच्या रस्त्याला, शहर संपून मळे सुरू व्हायचे तिथं होतं. आता त्या जागेवर इमारती आहेत आणि त्यांना फुलांची नावं दिली आहेत. फूल मात्र औषधालाही सापडायचं नाही. तेव्हा घराच्या तिन्ही बाजूंना झेंडू आणि शेवंती होती, विहिरीकडच्या तुकड्यात मेथी-कोथिंबीर. थोरले चुलते म्हणजे आबा, माझे वडील म्हणजे नाना, मोठी आई, आई आणि आम्ही सगळी भावंडं एकाच चुलीवर जेवायचो. पहाटे नाना फुलांच्या करंड्या घेऊन फुलबाजारात जायचे आणि घरी राहिलेल्या फुलांचे हार आम्ही बायका ओसरीवर बसून ओवायचो. झेंडूचा तो उग्र वास हाताला असा चिकटायचा की भाकरी खातानाही घासाला लागायचा. सकाळच्या जेवणाला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि मळ्यातली जी भाजी विकून उरली असेल ती. घरात मला सगळे 'बेबी' म्हणायचे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, तरी बेबीच. मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. बारावीनंतर मी तसं बोलूनही दाखवलं होतं. आबा म्हणाले, "चितारी व्हायचंय का? पाट्या रंगवीत फिरशील काय गावभर?" आणि माझं नाव जवळच्या कॉलेजात बी.ए.ला घालून टाकलं. नाना काही बोलले नाहीत. आबांसमोर नाना कधीच काही बोलायचे नाहीत.

चित्रं सुरू झाली ती लाईट जाण्यामुळे. आमच्या ओसरीला लागून असलेल्या खोलीत टीव्ही होता आणि त्यावर केबल आली होती. दुपारी हिंदीत बोलणारी कार्टून लागायची, आणि वस्तीवरची सगळी पोरं आमच्या घरात ठाण मांडून बसायची. कुठल्या कार्टूनमध्ये पाठीला रॉकेट बांधलेलं कासव होतं, कुठल्यात घाबरट भूत, कुठल्यात सारखा जेवणारा राजा. नेमक्या मारामारीच्या वेळी लाईट जायची आणि पोरांचा दंगा सुरू व्हायचा. कासव भारी की भूत भारी? मग मी हार बांधायच्या रद्दीतला एक कागद ओढायचे आणि स्केचपेननं दोघांचं मिळून एकच काढून द्यायचे. पोरं ओरडून सांगायची, "बेबीताई, राजा आन् कासव!" "भूत आन् आपला हवालदार!" पोरांना वाटायचं, एकाचं डोकं काढून दुसऱ्याच्या धडावर बसवलं की झालं. तसं नसतं हो. दोघांना एका अंगात घातलं की ते आपसात भांडतात. त्यांचं भांडण कशावरून होईल ते शोधायचं आणि तेच काढायचं. घाबरट भूत आणि रॉकेटवालं कासव एक झालं, तर ते आपल्याच पाठीवरच्या रॉकेटला घाबरून कवचात शिरणार, आणि रॉकेट ते कवच घेऊन उडणार. हे जमलं की पोरं गडाबडा लोळायची. मला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण हे मला कळत होतं, आणि हे कळतंय याचा मला मनातून फार अभिमान होता.

आमचे केबलवाले वसंतशेठ एकदा वायर बदलायला आले आणि ओसरीवर पसरलेले ते रद्दीचे कागद बघत उभे राहिले. त्यांचं स्वतःचं छोटं चॅनल होतं. दिवसभर त्यावर जुने सिनेमे, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि साड्यांच्या दुकानाच्या जाहिराती चालायच्या. रविवारी सकाळी मुलांसाठी काहीतरी पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी आबांना गाठलं. मुलं फोन करून सांगतील अमुक आणि तमुक, बेबी समोरच्या कागदावर काढेल, कॅमेरा वरून फक्त कागद दाखवेल. आबांनी तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या घरातली पोरगी टीव्हीवर? नाय जमायचं वसंता. उद्या तिचं लग्न करायचं हाय." वसंतशेठ म्हणाले, तोंड दिसणारच नाही, नुसता हात. आबा म्हणाले, "हात तरी कुनाचा हाय ते दिसंलच की. बांगड्या हायेत." यावर दोघांनी मिळून जो तोडगा काढला तो माझ्यासमोरच काढला आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. मी बांगड्या काढून ठेवायच्या. वसंतशेठच्या मुलाचा, नितीनचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. माईकवर नितीन बोलेल. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'जोडगोळी'. मी हो म्हणाले. चित्रं काढायला मिळत होती, तीही खऱ्या पांढऱ्याशुभ्र कागदावर, म्हणून मी तेव्हा कशालाही हो म्हणाले असते.

वसंतशेठच्या दुकानामागच्या खोलीत तो कारभार चालायचा. एका बाजूला व्हीसीआरची चळत, मध्ये टेबल, टेबलावर उलटा टांगलेला हँडीकॅम आणि दोन ट्यूबलाईट. मी बांगड्या रुमालात बांधून पर्समध्ये ठेवायचे, ड्रेसवर नितीनचा निळ्या पट्ट्यांचा शर्ट चढवायचे आणि बसायचे. शर्टाला त्याच्या सेंटचा वास यायचा, आणि तो माझ्या हाताच्या झेंडूच्या वासात मिसळायचा. फोन वाजायचा, नितीन लाडात येऊन विचारायचा, "बोल रे बाळा, कुणाची जोडगोळी काढू?" 'काढू' म्हणायचा, बरं का! पोरगं सांगायचं, माझा हात चालायला लागायचा, आणि नितीन माईकवर म्हणायचा, "हे बघा, आता मी डोळे काढतोय… आता मी शेपटी काढतोय." नितीनला सरळ रेघ मारता येत नव्हती. पण आवाज त्याचा आणि शर्टाची बाही त्याची, मग हात दुसऱ्या कुणाचा असेल असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. खरी जोडगोळी आम्ही दोघंच होतो, त्याचं तोंड आणि माझा हात, आणि सगळ्या गावाला ते एकच माणूस वाटत होतं.

बघता बघता नितीन प्रसिद्ध झाला. टपरीवर त्याला चहा फुकट मिळायचा, मुलं त्याच्या गाडीमागे पळायची, सलूनवाल्यानं त्याच्यासाठी खुर्ची रिकामी करून दिल्याचं नानांनी स्वतः पाहिलं. पहिल्या काही दिवसांत कुणी तारीफ केली की तो निदान ओशाळं हसायचा. नंतर तेही बंद झालं. मला वाटतं त्यालाही ते खरंच वाटायला लागलं असावं. पण त्याचं काय घेऊन बसायचं, आमच्या घरातच कमाल झाली. एका रविवारी मी कार्यक्रम संपवून घरी आले, हातपाय धुऊन ताटावर बसले, तर आबा शेजारच्या पाहुण्यांना सांगत होते, "वसंताच्या पोराचा हात काय चालतो वो! आज तर हत्ती आन् डास एक केला त्यानं. पोट दुखस्तोवर हासलो." मी आबांकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. ज्यांनी माझ्या हातावर बाही चढवली होती, तेच त्या बाहीत कुणाचा हात आहे ते विसरून गेले होते! आईनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि मान वर केली नाही. लपवून ठेवलेलं मी सोसलं असतं. पण घरच्यांनी मला अशी पुसूनच टाकावी?

त्या वर्षी गणपतीत आमच्या भागातल्या मंडळानं नितीनचा सत्कार ठेवला. हारांची ऑर्डर आमच्याकडेच आली. सत्काराचा मोठा हार, झेंडू, पांढरी शेवंती आणि मध्ये गुलाबाचा गोंडा, तो मी ओवला. ओवताना मनात येत होतं, सुई फुलांतून काढावी आणि हार तसाच टाकून निघून जावं. पण ओवला, घट्ट आणि देखणा ओवला, कारण वाईट काम करायची आमच्या घरात रीत नव्हती. संध्याकाळी मंडपात बायकांच्या बाजूला मी आईशेजारी बसले. पुढच्या रांगेत आबा. स्टेजवर चित्रकलेच्या कॉलेजात शिकवणारे गायधनी सर पाहुणे म्हणून आले होते, त्यांच्या हातून नितीनच्या गळ्यात तो हार पडला, मग शाल, मग नारळ. पोरं ओरडायला लागली, "काढून दाखवा! काढून दाखवा!" एकानं खडू आणि फळासुद्धा आणला. मी मान उंच केली. आता काय करतो, बघू. तर नितीननं शाल बाजूला सारून उजवा हात वर केला. मनगटापासून बोटांपर्यंत क्रेप बँडेज गुंडाळलेलं! "परवा गाडीवरून पडलो," तो म्हणाला, "डॉक्टरांनी हात हलवायचा नाही सांगितलंय." सगळा मंडप हळहळला. माझ्या बाजूच्या बाईनं तर पदर तोंडाला लावला.

मग गायधनी सर माईकवर आले. साधेच बोलले, पण त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. ते म्हणाले, "मी दर रविवारी हा कार्यक्रम बघतो. दोन प्राणी जोडणं कुणालाही येतं. हा मुलगा दोन स्वभाव जोडतो. हे शिकवून येत नाही. याचा हात बरा झाला की याला माझ्याकडे आणा, मी स्वतः प्राचार्यांशी बोलतो. हा हात वाया जाता कामा नये." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या आबा वाजवत होते. मी ज्या कॉलेजच्या दारात उभी राहायला मिळावं म्हणून घरात रडले होते, त्या कॉलेजचा माणूस माझ्याच हाताला बोलावणं देत होता, आणि ते बोलावणं माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या खिशात चाललं होतं. आईनं माझा दंड घट्ट धरला. तिला वाटलं असावं, मी उठून ओरडेन. मला ओरडायचंच होतं, पण तिनं दंड सोडला नाही.

पुढच्या रविवारी मी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण गेले. म्हटलं, वसंतशेठला सांगून तर बघू, सरांना खरं काय ते कळवा म्हणून. खोलीत पाऊल टाकलं तर वसंतशेठ हातात बँडेजची नवी गुंडाळी घेऊन उभे. "बेबी, हे जरा हाताला गुंडाळ." मला आधी कळलंच नाही. "लोकांनी बघितलंय ना याच्या हाताला बँडेज," ते समजावून सांगायला लागले. "आज टीव्हीवर हात मोकळा दिसला तर लोक काय म्हणतील?" म्हणजे नितीनचा खोटा मोडका हात माझ्या धडधाकट हातानं निभावून न्यायचा! मी म्हटलं, "काका, गायधनी सरांना तुम्ही सांगणार आहात का, चित्रं मी काढते ते?" वसंतशेठनं घड्याळाकडे बघितलं. नितीन हसला आणि म्हणाला, "तुला थोडंच कॉलेजला पाठवणारेत घरचे? मी जाऊन बघतो, नाही जमलं तर सोडून देईन." ऐकताय ना? नाही जमलं तर सोडून देईन! जणू बसमधली जागा होती ती. एवढ्यात फोन वाजला, वसंतशेठनं बटण दाबलं आणि कार्यक्रम सुरू झाला. मी बँडेज गुंडाळून बसले.

बँडेजमध्ये बोटं वाकत नव्हती. पहिलं चित्र वेडंवाकडं आलं. नितीन माईकवर कण्हल्यासारखं करून म्हणाला, "दुखतंय मित्रांनो, पण तुमच्यासाठी काढतोय." दुसरा फोन एका लहान मुलीचा होता. ती आधी काही सांगेचना. मग म्हणाली, "दादा, लय दुखतंय का? मी देवाम्होरं साखर ठिवली तुमच्या हातासाठी." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती साखर माझ्या हातासाठी होती. त्या पोरीचं प्रेम माझ्या हातावर होतं, आणि उत्तर द्यायला नितीन पुढे झाला, "थँक्यू गं बाळा. बोल, कुणाची जोडगोळी?" ती म्हणाली, "बोलनारा पोपट. आन् घाबरट भूत."

त्याच क्षणी माझं ठरलं. मी कॅमेऱ्याखाली उजवा हात ठेवला आणि डाव्या हातानं बँडेज सोडायला लागले, सावकाश, एकेक वेढा. नितीन आपला पोपटाबद्दल बडबडत होता, त्याचं लक्षच नव्हतं. मी बाही कोपरापर्यंत सारली. पर्समधला रुमाल सोडून हिरव्या बांगड्या काढल्या आणि तिथंच, सगळ्या गावाच्या देखत, हातात भरल्या. बांगड्यांचा आवाज नितीनच्या माईकमध्ये गेला तेव्हा त्यानं दचकून मागे बघितलं. तोवर माझी रेघ सुरू झाली होती. त्या पोरीनं सांगितलं तेच मी काढलं, काडीचाही फरक केला नाही. पोपट काढला, त्याला नितीनचा भांग आणि नितीनच्या मिशा दिल्या, चोचीसमोर माईक दिला, गळ्यात सत्काराचा हार. आणि त्याच पोपटाच्या पंखाखालून भूत बाहेर काढलं. भुताला तोंड नाही, नाक नाही, काही नाही. नुसता एक हात, बांगड्या भरलेला, त्यात पेन. तो हात पोपटाचं चित्र काढतोय. वसंतशेठ "अगं, अगं" करत धावले आणि त्यांनी वायरच उपटली. पण चित्र पुरं झालं होतं.

शर्ट तिथंच टाकून मी चालत घरी आले. ओसरीवर सगळे उभे होते, टीव्हीवर नुसत्या मुंग्या. आबांचा चेहरा लालबुंद. "घराची अब्रू वेशीवर टांगली पोरीनं! काय सांगितलं व्हतं तुला? लग्नाच्या पोरीचा हात सगळ्या गावानं पाह्यला!" मी काही बोलणार एवढ्यात माझी आई पुढे झाली. आबांसमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न दिलेली माझी आई. तिच्या हातात अर्धा ओवलेला हार होता. ती म्हणाली, "हात पाह्यला तर अब्रू गेली व्हय? आन् तिच्या हाताची शाल त्या पोराच्या खांद्यावर पडली, तवा टाळ्या कोन वाजवत व्हतं? तुमीच ना, भाऊजी?" आबा पायात वहाणा अडकवून मळ्याकडे निघून गेले. त्यांनी माझी माफी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. काही लोक आबा गेल्यावर मला म्हणाले, ते जुन्या वळणाचे होते, समजून घ्यावं. मी समजून घेतलं नाही. आईला समजलं ते आबांना का समजू नये? तीही त्याच जुन्या वळणाची होती.

दुसऱ्या दिवशी नाना फुलबाजारातून लवकर परतले. मला म्हणाले, "चल." कुठं, का, काही नाही. त्यांच्या लुनावर मागे बसून मी गेले ती थेट चित्रकलेच्या कॉलेजच्या दारात. नानांच्या धोतराला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या आणि व्हरांड्यातली मुलं आमच्याकडे बघत होती. गायधनी सर वर्गातून बाहेर आले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या हाताकडे बघितलं, बांगड्यांकडे. मग हसले. "पोपट चांगला होता," म्हणाले. "वायर ओढली नसती तर अजून काय काढणार होतीस?" मी म्हटलं, "काही नाही. संपलं होतं." सरांनी मान डोलावली, खिशातून पेन काढलं आणि नानांना विचारलं, "मुलीचं नाव काय?"

नाना माझ्याकडे वळले. आयुष्यभर थोरल्या भावासमोर गप्प राहिलेले माझे वडील म्हणाले, "तिलाच इचारा. तिला बोलता येतं."

घरात बेबी, टीव्हीवर नितीन, लग्नात असिस्टंट. "अलका नामदेव थेटे!" मी सांगितलं, आणि इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन उभी राहिली.